फोटोग्राफीची ऑनलाइन मेंबरशिप घ्यावी का? पैसे भरण्याआधीची तपासणी

ऑनलाइन फोटोग्राफी मेंबरशिपमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकाच फीमध्ये विकल्या जातात. एक म्हणजे माहिती: ॲपर्चर म्हणजे काय, फ्लॅश कुठे ठेवायचा, लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मास्क कसा करायचा, म्हणजे फोटोचा ठराविक भागच बदलण्यासाठी कसा निवडायचा. दुसरी म्हणजे तुमच्या फोटोकडे जाणत्या माणसाने दिलेलं लक्ष. पहिली गोष्ट फुकट, भरपूर आणि बऱ्यापैकी चांगली मिळते. दुसरी सहसा मिळत नाही. जाहिरात मात्र पहिलीचीच असते: इतके हजार धडे, इतके शेकडो तास. ते आकडे बघून फी भरली जाते, दोन आठवडे व्हिडिओ बघून होतात आणि मग लॉगिन करणंच थांबतं.

खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या दोन पायऱ्यांना पैसे लागत नाहीत, आणि बऱ्याच जणांचा निर्णय तिथेच होऊन जातो.

हाताशी हे ठेवा:

- गेल्या तीन-चार महिन्यांतले फोटो, फसलेल्यांसकट. फसलेले डिलीट करायची सवय असेल तर आजपासून दोन आठवडे काहीही डिलीट करू नका.
- तुमच्या कॅमेऱ्याचं मॅन्युअल. छापील पुस्तिका त्रोटक असते. कंपनीच्या साइटवरचं पूर्ण पीडीएफ उतरवून घ्या.
- फोटोसोबत साठवलेली एक्झिफ माहिती (शटर किती वेळ उघडं, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र किती मोठं, आयएसओ म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता किती, फोकल लेंग्थ किती) दाखवणारं कुठलंही सॉफ्टवेअर.
- एक वही किंवा स्प्रेडशीट.
- ज्या मेंबरशिपचा विचार चाललाय तिच्या अटींचं आणि रिफंडचं पान, पीडीएफ करून.
- खर्चाची मर्यादा घालता येईल असं कार्ड, असल्यास.

१. फसलेले फोटो मोजा

चाळीस फसलेले फोटो निवडा. प्रत्येकासमोर लिहा: काय बिघडलं आणि का. ‘का’ लिहिता येत नसेल तर तेही लिहा, पुढे त्याचा उपयोग आहे.

‘फोटो ब्लर आला’ ही एक तक्रार नसते, तीन असतात. १०० टक्के झूम करून बघा. चौकटीतलं सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर कॅमेरा हलला. मागची भिंत स्वच्छ आणि माणसाचा हात पुसट असेल तर माणूस हलला. डोळे मऊ आणि कान किंवा मागचं झाड धारदार असेल तर फोकस चुकला. तिन्हींचे उपाय वेगळे. पहिल्यात शटर जलद करा: ५० मिमी लेन्सला निदान १/५० सेकंद, आणि एपीएस-सी सेन्सर (फुल-फ्रेमपेक्षा लहान) असेल तर दीडपट धरून १/८०. दुसऱ्यात स्टॅबिलायझेशनचा काहीच उपयोग नाही, कारण ते फक्त तुमच्या हाताची थरथर सावरतं. चालत्या माणसाला साधारण १/२५०, पळणाऱ्या मुलाला १/५०० किंवा त्याहून जलद शटर लागतं. तिसऱ्यात शटरशी संबंधच नाही. कॅमेऱ्याने फोकस पॉइंट स्वतः निवडला का, आणि हलत्या विषयावर सिंगल फोकस मोड (एकदाच फोकस करून थांबणारा) लावला होता का, ते बघा.

आता चाळीसही फोटो चार रकान्यांत वाटा.

- माहिती: कोणतं सेटिंग लावायचं ते ठाऊक नव्हतं.
- सराव: ठाऊक होतं, पण वेळेवर हात पोहोचला नाही.
- नजर: सगळं तांत्रिकदृष्ट्या बरोबर, तरी फोटो मेलेला. का, ते सांगता येत नाही.
- साधन: अंधाऱ्या सभागृहात कॅमेऱ्यासोबत येणारी एफ/५.६ ची किट लेन्स (एफचा आकडा मोठा म्हणजे छिद्र लहान, प्रकाश कमी), स्टेज लांब, म्हणून आयएसओ १२८०० पर्यंत चढवलेला आणि फोटो दाणेदार.

माहितीचा रकाना सगळ्यात मोठा असेल तर पैसे भरू नका, पुढची पायरी पुरेल. सरावाचा मोठा असेल तर तो कोणी विकत देऊ शकत नाही. साधनाचा मोठा असेल तर आधी लेन्स किंवा फ्लॅश भाड्याने घेऊन शंका दूर करा. कोर्स घेऊन एफ/५.६ ची लेन्स एफ/१.८ होत नाही. नजरेचा रकाना मोठा असेल, तरच मेंबरशिपचा विचार पुढे न्यायला कारण आहे. आणि तेव्हाही फीडबॅक देणाऱ्या मेंबरशिपचाच.

२. चार आठवडे फुकट शिका

पहिला आठवडा ॲपर्चर प्रायॉरिटी मोडवर (ॲपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा). एक वस्तू कॅमेऱ्यापासून एक मीटरवर ठेवा. लेन्सचं सर्वांत मोठं ॲपर्चर (सर्वांत लहान एफ-आकडा), मग एफ/५.६, मग एफ/११. आधी पार्श्वभूमी वस्तूच्या मागे एक मीटरवर असू द्या, नंतर चार मीटरवर. मागचं धूसर होण्यात ॲपर्चरइतकाच अंतराचाही हात असतो, हे सहा फोटोंत समजतं. ‘महागडी लेन्स हवी’ ही तक्रार इथे अनेकदा मिटते.

दुसऱ्या आठवड्यात शटर. वाहता नळ किंवा फिरता पंखा १/१०००, १/२५०, १/६० आणि १/१५ वर. शेवटच्या दोन्हींना कॅमेरा कशावर तरी टेकवा, नाहीतर कोण हललं ते कळणार नाही.

तिसरा आठवडा खिडकीच्या प्रकाशाला द्या, आणि हा आठवडा चुकवू नका. खोलीतले दिवे बंद करा. चालू ठेवले तर दोन रंगांचा प्रकाश मिसळतो आणि व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेलं रंगांचं समायोजन) कुठल्याच एका बाजूला बसत नाही. माणसाचं तोंड खिडकीकडे, मग ४५ अंशांत, मग पूर्ण बाजूला, मग खिडकीकडे पाठ. नंतर त्याला खिडकीपासून लांब नेत जा. छोट्या दिव्याचं अंतर दुप्पट केलं की प्रकाश चौपट घटतो, म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). खिडकी मोठी असल्यामुळे तिच्याजवळ ही घट इतकी तीव्र नसते. पण लांब जाल तशी सावलीची कड कडक होत जाते, ती बघा.

चौथ्या आठवड्यात दहा रॉ फाइल्स (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या) घ्या आणि फक्त एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि क्रॉप या तीनच गोष्टींना हात लावा. हिस्टोग्राम (डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) उजव्या भिंतीला चिकटला असेल तर तिथला तपशील गेलेला असू शकतो. हायलाइट स्लायडर खाली ओढून परत येतो का, ते तपासा.

या चार आठवड्यांत कॅमेरा किती वेळा हातात घेतला याची नोंद ठेवा. आठवड्यातून दोनदाही घेतला गेला नसेल, तर फी भरल्याने वेळ निर्माण होणार नाही. याला एक अपवाद आहे. काही माणसं ठरलेल्या तारखेशिवाय कामच करत नाहीत. त्यात गैर काही नाही, पण मग त्यांनी व्हिडिओंच्या भांडाराकडे न जाता तारखा असलेल्या बॅचकडे जावं.

३. नेमकं काय विकलं जातंय ते ओळखा

‘मेंबरशिप’ या एकाच नावाखाली निरनिराळे प्रकार येतात. व्हिडिओ भांडार: हवं तेव्हा बघा, विचारणारं कोणी नाही. बॅच कोर्स: ठराविक आठवडे, गृहपाठ, शेवटची तारीख. समूह: सदस्य एकमेकांचे फोटो बघतात, शिक्षक अधूनमधून डोकावतो. मेंटॉरशिप: एकच माणूस तुमचं काम सलग बघतो, ही सर्वांत महाग. विक्रीच्या पानावर चारही असल्याचा भास करून दिला जातो. म्हणून थेट ईमेल करून विचारा: ‘महिन्यात माझे किती फोटो, कोण बघणार, आणि उत्तर किती दिवसांत?’ उत्तरात आकडे नसतील तर ते भांडारच आहे असं समजा.

४. कॅटलॉगची संख्या विसरा, तारीख बघा

प्रकाशाचं भौतिकशास्त्र बदलत नाही. पोर्ट्रेट लाइटिंगचा दहा वर्षांपूर्वीचा धडा आजही तितकाच कामाचा. सॉफ्टवेअरचं तसं नाही. २०१७ मध्ये ॲडोबीने लाइटरूमचे दोन भाग केले: जुन्याला लाइटरूम क्लासिक आणि क्लाउडवर चालणाऱ्या नव्याला लाइटरूम सीसी (आताचं लाइटरूम) हे नाव मिळालं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मास्किंगचं पॅनेल पूर्ण बदललं. त्याआधीच्या धड्यात शिक्षक ज्या बटणावर क्लिक करतो ते तुमच्या स्क्रीनवर तिथे नसतं, आणि नवखा माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. ऑटोफोकसचंही असंच. डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या जुन्या धाटणीच्या कॅमेऱ्यावर) ‘मधला पॉइंट वापरा आणि मग चौकट हलवा’ शिकवणारे धडे आहेत. माणसाचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवणाऱ्या मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर ती कसरत बहुतेक वेळा लागत नाही.

तुमच्या तक्त्यातल्या दोन सर्वांत मोठ्या अडचणी घ्या आणि कॅटलॉगमध्ये फक्त त्यावरचे धडे मोजा. हजारांतले पंधरा निघाले तर तुम्ही पंधराच धडे विकत घेताय. ते पंधरा सुट्या कोर्सच्या रूपात मिळतात का, तेही बघा.

मग फुकट दिलेला नमुना धडा लावा आणि पाच गोष्टी शोधा: सेटिंग्ज सांगितली का, दिवा किंवा खिडकी कुठे होती ते दाखवलं का, फसलेली फ्रेम दाखवून ती का फसली ते सांगितलं का, सरावाला रॉ फाइल दिली का, शेवटी काही काम करायला दिलं का. यातली तिसरी गोष्ट सर्वांत दुर्मिळ आणि सर्वांत मोलाची. व्यावसायिक मॉडेल, सूर्यास्ताचा प्रकाश, रिफ्लेक्टर धरायला सहायक आणि पडद्यावर फक्त सुंदर फोटो, असा धडा बघायला मजा येते. शिकायला त्यात फारसं काही नसतं.

प्रत्येक धड्याच्या शेवटी प्रीसेटची (तयार एडिटिंग सेटिंग्जची) किंवा लेन्सची लिंक येत असेल तर धडा हीच जाहिरात आहे.

५. फीडबॅकची परीक्षा घ्या

निर्णय खरा इथे ठरतो, त्यामुळे या पायरीवर वेळ घालवा.

आधी दिलेल्या समीक्षेचे नमुने मागा. बहुतेक ठिकाणी एखादं रेकॉर्डिंग दाखवतात. ‘छान फ्रेम, थोडा कॉन्ट्रास्ट वाढवा’ हा अभिप्राय कुठल्याही फोटोला चिकटवता येतो, म्हणून तो निरुपयोगी. कामाचा अभिप्राय त्या एकाच फोटोला लागू पडतो: ‘डाव्या कोपऱ्यातला पांढरा तुकडा चेहऱ्यापेक्षा उजळ आहे, म्हणून नजर आधी तिथे जाते. दोन पावलं उजवीकडे सरकला असतात तर तो खांबामागे गेला असता. आता क्रॉप केलात तर हात कापला जाईल, त्यामुळे तो भाग एक स्टॉप खाली आणा.’ काय दिसतंय, ते का खटकतंय, फोटो काढताना काय करता आलं असतं आणि आता काय करता येईल. चारही असतील तर पैसे द्यायला हरकत नाही.

मग समीक्षा कोण करतं ते बघा. जाहिरातीत नावाजलेला फोटोग्राफर आणि प्रत्यक्षात फोटो बघणारे जुने सदस्य, असं सर्रास असतं. जुने सदस्य वाईटच असतील असं नाही, पण तुम्ही पैसे कोणाच्या नजरेचे देताय ते माहीत हवं. ज्या माणसाचं स्वतःचं काम लग्नाच्या फोटोंचं, त्याच्याकडून पक्ष्यांच्या फोटोंवरचा अभिप्राय अर्धाच उपयोगी.

समीक्षेच्या लाइव्ह सत्रात सगळ्यांचे फोटो घेतले जातात की चिठ्ठ्या टाकून, हेही विचारा. दोनशे सदस्य आणि महिन्याला वीस फोटो असं असेल तर तुमचा नंबर सरासरी दहा महिन्यांतून एकदा.

समूहात शिरकाव मिळाला तर वर्षभरापूर्वी आलेल्या दोन-तीन सदस्यांचे सुरुवातीचे आणि आत्ताचे फोटो शोधा. सुधारणा दिसते का? आणि सगळ्यांचे फोटो शिक्षकाच्या फोटोंसारखेच दिसू लागलेत का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर तिथे रेसिपी शिकवली जाते. काहींना तेवढंच हवं असतं, तर ठीक.

६. फीचं गणित

वार्षिक फीला मासिक फीने भागा. उत्तर ८ आलं तर आठ महिन्यांपेक्षा जास्त काळ खरोखर वापर केलात तरच वार्षिक योजना स्वस्त. नवख्याने सुरुवात महिन्याच्या योजनेनेच करावी, दर महिन्याचा आकडा मोठा दिसला तरी. पहिल्या वर्षाची सवलत असेल तर दुसऱ्या वर्षीची मूळ किंमतच गणितात धरा, कारण आपोआप नूतनीकरण त्याच किमतीला होतं.

फीमध्ये न दिसणारा खर्चही मांडा. कर, परकीय चलनात पैसे जात असतील तर बँकेचं रूपांतर शुल्क, एडिटिंग सॉफ्टवेअरची वेगळी वर्गणी. धडे दोन फ्लॅश आणि सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) गृहीत धरून असतील तर त्यांची किंमत. १०८० पी दर्जाचा तासाभराचा व्हिडिओ ५ एमबीपीएसने साधारण सव्वादोन जीबी डेटा खातो; डेटा मोजून वापरत असाल तर हाही खर्चच.

नंतर एकूण वार्षिक खर्च घ्या आणि वर्षात तुमच्या फोटोंवर मिळणाऱ्या समीक्षांच्या संख्येने भागा. पाहायच्या तासांनी भागू नका. तो आकडा नेहमीच मोहक येतो. एका समीक्षेची किंमत निघाली की तेवढ्यात एखाद्या चांगल्या फोटोग्राफरबरोबर प्रत्यक्ष तासभर पोर्टफोलिओ बघून घेता येईल का, ते विचारा. अनेक जण असं सत्र देतात, फक्त त्याची जाहिरात करत नाहीत.

७. अटींमधल्या पाच ओळी

- आपोआप नूतनीकरण: किती दिवस आधी रद्द करावं लागतं? काही ठिकाणी शेवटच्या दिवशी चालतं, काही ठिकाणी नाही.
- रिफंड: ‘समाधान न झाल्यास पैसे परत’ याच्या खाली बहुधा ‘अमुक टक्क्यांपेक्षा कमी धडे बघितले असल्यास’ असं असतं.
- आजीवन सदस्यत्व: हे आयुष्य तुमचं नसतं, कंपनीचं असतं. साइट बंद झाली की धडे गेले. डाउनलोडची परवानगी नसेल तर ‘आजीवन’साठी जास्तीचे पैसे देऊ नका.
- फोटोंवरचे हक्क: अपलोड केलेले फोटो साइटवर दाखवण्यापुरती परवानगी मागणं रास्त आहे. ‘कायमस्वरूपी’, ‘तृतीय पक्षाला देण्याच्या हक्कासह’, ‘जाहिरातीसाठी’ हे शब्द दिसले तर थांबा, विशेषतः फोटोत दुसऱ्या कोणाचा चेहरा असेल तर.
- प्रमाणपत्र: ग्राहक पोर्टफोलिओ मागतो. प्रमाणपत्रासाठी वेगळे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

८. ट्रायल अशी वापरा

पैसे किंवा कार्ड देण्याआधी ‘रद्द करा’ हे बटण कुठे आहे ते मदतीच्या पानांवरून शोधून ठेवा. ट्रायल संपण्याच्या दोन दिवस आधीचा अलार्म लावा, कारण साइटचा दिवस दुसऱ्या टाइम झोनमध्ये तुमच्या आधी संपू शकतो. फोनच्या ॲप स्टोअरमधून नोंदणी केलीत तर रद्दही तिथूनच करावं लागतं. ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबली, हा फार महागात पडणारा समज आहे. कार्ड बदलण्यावरही भिस्त ठेवू नका. नव्या कार्डाचा तपशील कधी कधी व्यापाऱ्यापर्यंत आपोआप पोहोचतो.

सात दिवस मिळाले असं धरू. पहिल्याच दिवशी नजरेच्या रकान्यातला एक फोटो समीक्षेसाठी टाका आणि एक प्रश्न विचारा. उत्तर यायला लागणारा वेळ मोजायचा आहे, म्हणून हे शेवटावर ढकलू नका. त्याच दिवशी शोधपेटीत तक्त्यातल्या तीन अडचणी टाइप करून काय येतं ते बघा. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात फक्त दोन धडे. वीस मिनिटांचा धडा बघितला की तासभर तेच करून बघा. सहाव्या दिवशी प्रश्न एकच: या दोन धड्यांतलं किती फुकट सापडलं नसतं? उत्तर सुचत नसेल तर रद्द करा.

एक मोह टाळा. ट्रायलमध्ये रात्रभर धडे बघत सुटलात तर खूप शिकल्यासारखं वाटतं, पण महिन्याने त्यातलं हाताशी काही उरत नाही.

९. घेतलीच, तर ९० दिवसांचा हिशेब

पहिल्या दिवशी बारा फोटो बाजूला काढा, आत्ताचे तुमचे सर्वोत्तम. ९०व्या दिवशी नवे बारा काढा. दोन्ही मिसळा, तारखा लपवा आणि फोटो बघण्याची सवय असलेल्या दोघांना त्यांतले बारा निवडायला सांगा. निवडीत नवे आठ किंवा जास्त आले तर पुढे चालू ठेवा. सहा-सहा आले तर फरक पडलेला नाही, मग तुम्हाला कितीही प्रगती जाणवत असो. सोबत पायरी १ चा तक्ता नव्या चाळीस फसलेल्या फोटोंवर पुन्हा करा. फसलेले फोटो तितकेच असूनही ते आता वेगळ्या रकान्यात गेले असतील, तर ते शिकण्याचंच लक्षण.

मधल्या काळासाठी कडक नियम ठेवा: कुठल्याही महिन्यात चारपेक्षा कमी गृहपाठ प्रत्यक्ष काढून झाले, किंवा मिळालेल्या समीक्षा दोनपेक्षा कमी असल्या, तर तो शेवटचा महिना.

१०. रद्द करताना

आधी तुमच्या फोटोंवर आलेले सगळे अभिप्राय कॉपी करून घ्या. मेंबरशिप संपली की बहुतेक ठिकाणी ते पानच उघडत नाही. परवानगी असलेल्या सरावाच्या फाइल्स आणि लाइटिंगच्या आकृत्या उतरवून घ्या. समूहातून तुमचे फोटो काढून टाका, विशेषतः एक्झिफमध्ये जीपीएसची जागा असलेले. मग रद्द करा आणि रद्द झाल्याचा ईमेल येईपर्यंत पान बंद करू नका. आला नाही तर स्क्रीनशॉट ठेवा. वाटेत ‘तीन महिने अर्ध्या किमतीत’ असा प्रस्ताव येईल. रागावून नको म्हणायची गरज नाही: ९० दिवसांच्या तपासणीत निकाल काठावर आला असेल आणि समीक्षा चांगल्या होत्या, तर घ्या. धडे बघायचेच राहून गेलेत म्हणून घेत असाल तर घेऊ नका. पुढच्या महिन्याचं कार्डाचं स्टेटमेंट तेवढं तपासा.